दोनशे तीनच्या भिंतींना पाणी

टेप तिसऱ्यांदा लावला तरी हॉल साडेदहा बाय चौदाच भरला. धम्मशीलानं सगळ्या खोल्यांची बेरीज केली. पाचशे बारा चौरस फूट. बिल्डरच्या कागदावर सातशे वीस होते.

"काय मोजायलाव, ताई?"

दारात एक म्हातारा उभा होता. डोक्याला गमछा, हातात पाण्याचा पाइप. ओल्या प्लास्टरवर पाणी मारायला तो आत आला होता.

"दोनशे आठ फूट कुठं गेले ते शोधायलेय."

"ते जिन्यात गेले. थोडे पॅसेजमधी, थोडे भिंतीत. तुमी मोजलं ते कार्पेट. त्येनं लिहिलं ते सेलेबल. चटई टाकता येती तेवढंच आपलं घर, बाकी नुसतं लिहायला."

तिला हसू आलं. वहीत तिनं दोन्ही शब्द समोरासमोर लिहिले.

"कितवा नंबर घेतलाव?"

"हाच. दोनशे तीन."

म्हाताऱ्यानं पाइप दुसऱ्या भिंतीकडं वळवला. ती निथळेपर्यंत तो पाणी मारत राहिला.

"घरात कोण कोण हाय?" त्यानं मग विचारलं.

"मी आन् आई. दोघीच."

धम्मशीला परभणीतच एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आई सत्यशीलाबाईंनी तिला भाड्याच्या अकरा खोल्यांत वाढवलं होतं. दर वेळी घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं आणि खोली रिकामी करावी लागायची. नऊ वर्षांची बचत या फ्लॅटला लागणार होती, बाकीचं बँकेचं कर्ज. हे फसलं तर बारावी खोली शोधावी लागली असती.

मग ती दर रविवारी साइटवर येऊ लागली. पाणी मारणारा तो म्हातारा, बन्सीधरकाका, तिथं असायचेच. ती विचारायची, ते पाणी मारता मारता सांगायचे.

"बँक समदे पैसे एकदम सोडत न्हाई. जोतं झालं की थोडे, लिंटेल झालं की थोडे, मग स्लॅब, मग प्लास्टर. बँकेचा इंजिनिअर येऊन बघतोय. जेवढं काम, तेवढाच हप्ता. काम व्हायच्या आधी पुढचा हप्ता सोडायचं पत्र सही करून देऊ नका. बिल्डर गोड बोलतोय."

"लिंटेल म्हणजे?"

"खिडकीच्या डोक्यावरला काँक्रीटचा पट्टा. त्यो वरचं वजन घेतोय, म्हणून खिडकी उघडती."

"आन् घर होईपर्यंत मी काय भरायचं?"

"सुटलेल्या पैशाचं नुसतं व्याज. खरा हप्ता नंतर. म्हंजी घरभाडं आन् व्याज, दोन्ही संगं. त्येचा हिशेब धरा."

"काका, तुम्ही बँकेत पाहिजे होता."

"बँकेत भिंती कुठं भिजवू देतेत?"

ती म्हणाली, "इथं कधीपासून आहात?"

"पाया खोदला तवापासून येतोय."

"पगार तरी बरा देतात का?"

"पाणी मारायला कसला पगार, ताई. कोरडं राहिलं की प्लास्टर तडकतंय, म्हणून मारायचं."

एका रविवारी आई सोबत आली. तिनं स्वयंपाकघराचा ओटा पाहिला आणि खूश झाली. धम्मशीलानं टेप लावला. इतर फ्लॅटमध्ये ओटा चौतीस इंच उंच होता, इथं तीस. "गवंड्याची चूक दिसती," ती म्हणाली. "राहू दे," आई म्हणाली. "मला बसून सैपाक करायला बरा हाय." काका खिडकीबाहेर बघत होते.

दिवाळीनंतर बिल्डरनं तिला ऑफिसात बोलावलं. तिच्या वाट्याची रक्कम, म्हणजे मार्जिन मनी, आत्ता नोटरीच्या कागदावर द्यायची. नोंदणी निवांत करू, म्हणाला. इथं सगळे असंच घेतात.

रविवारी तिनं हे सांगितलं, तेव्हा काकांनी पहिल्यांदाच नळ बंद केला.

"नोटरीवर एक रुपया देऊ नका. नोटरी सही खरी एवढंच सांगतोय, घर तुमचं म्हणत न्हाई. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनामा नोंदवा, मगच सरकारी दप्तरात नाव चढतंय. आन् वकील तुमचा घ्या. निबंधकाकडल्या जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्यायला लावा."

"फ्लॅट कुणी आधीच घेतलेला असला तर?"

"नोंदलेला आसंल, तर शोधात निघंल."

शोधात काहीच निघालं नाही. बिल्डर कुरकुरला, पण धम्मशीला अडून बसली. आठवड्यात करारनामा नोंदला गेला, पंधरा दिवसांत कर्जाचं पत्र आलं.

घर पुरं झालं. गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या आणि बन्सीधरकाका आले. धुतलेलं धोतर, सोबत बायको पार्वतीबाई. त्या उंचीनं अगदी बेताच्या होत्या. आईनं घर दाखवलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात जरा जास्तच रेंगाळल्या.

धम्मशीलानं काकांना टॉवेल-टोपी दिली, पाया पडली. "आई, हे नसते तर आपण पुन्हा ट्रक भरत असतो."

सत्यशीलाबाईंनी हात जोडले. "सख्ख्या भावानं केलं नसतं, दादा. आमी जन्मभर इसरणार न्हाई."

"मी काय केलं," काका म्हणाले. "कुणीतरी नीट घेतलं, बरं वाटलं." पार्वतीबाई म्हणाल्या, "दोघी सुखात ऱ्हावा."

जाताना काकांनी धम्मशीलाच्या हातात पाकीट ठेवलं. "आहेर हाय. आमी गेल्यावर उघडा."

दोघं जिना उतरून गेले. एकशे एक रुपये असतील, असं मनाशी धरून तिनं पाकीट उघडलं. आत नोटा नव्हत्या. घडीवर विटलेला एक स्टॅम्प पेपर होता आणि त्यावर नोटरीचा गोल शिक्का. तिनं सवयीनं आधी तारीख पाहिली. चार वर्षांपूर्वीची. मग खालच्या ओळी वाचल्या: फ्लॅट क्रमांक दोनशे तीन, पूर्ण रक्कम रोख पावली, खरेदीदार बन्सीधर आणि पार्वतीबाई, राहणार झरी.