काचेत लावण्याजोगा

"एक तरी फोटो नीट आला, तर माझ्या दुकानाच्या काचेत लावीन," दादा म्हणाले. "नाही आला, तर हा पोरखेळ बंद. पतंग माळ्यावर टाकायचा आणि सुट्टीच्या दिवशी चार माणसांसारखं घरी बसायचं. कबूल?"

"कबूल," धाकटा भाऊ म्हणाला. दोरीचे टोक दातांत धरलेले असल्यामुळे शब्द अर्धाच बाहेर पडला.

दादांचा फोटो स्टुडिओ जुना आणि नावाजलेला होता. त्याच्या दर्शनी काचेत आपला फोटो लागावा म्हणून लोक ओळखी काढीत. चेहरा हातभर अंतरावरून टिपला की त्यातले काही लपत नाही, हे दादांचे ठरलेले वाक्य होते. जमिनीवरच्या माणसाचे अंतरंग टिपता येत असताना कुणी दोरीला कॅमेरा बांधून आकाशात का सोडावा, हे त्यांना उमगत नव्हते. आणि जे उमगत नसे, त्याची टवाळी करण्याची त्यांची रीत होती.

"अरे, मग ड्रोन घे की."

"त्यात वारा कुठे आहे, दादा? एवढी वर्षं मुलांना फळ्यावर आपल्या नदीचं वळण काढून दाखवतोय. एकदा वरून बघू दे."

"बघ. पण वाऱ्याशी गप्पा मारण्याआधी कॅमेऱ्याशी ओळख करून घे, मास्तर."

पलंगपोसाएवढा पतंग नदीवर स्थिर झाला होता. कॅमेरा हेलकावू नये म्हणून त्याच्या दोरीला धाकट्याने लाकडी पट्ट्यांची एक छोटी फुली टांगली आणि तिच्याखाली कॅमेरा अडकवला. वर गेल्यावर बटण दाबायला कोण जाणार? म्हणून दर काही क्षणांनी आपोआप फोटो निघावा, अशी सोय त्याने जमिनीवरच सुरू करून ठेवली.

दादांच्या पत्नी काठावर छत्री घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला एवढं कळतं, तर सोडण्याआधी एकदा बघून द्या ना त्याला."

दादा उपकार केल्यासारखे पुढे झाले आणि भिंगासमोर वाकले. वर गेल्यावर फोकस हलू नये म्हणून धाकट्याने भिंगाची रिंग काळ्या चिकटपट्टीने जखडली होती. काम नेटके होते. फक्त टोक चुकले होते. दूरच्या खुणेऐवजी रिंग जवळच्या खुणेवर बसली होती. हातभर अंतरावरची मुंगीसुद्धा लख्ख दिसली असती. पलीकडचे सारे जग पुसट होणार होते. पट्टी सोडवून रिंग फिरवायला एक श्वास पुरला असता.

दादा सरळ उभे राहिले.

"झकास. सोड वर."

कॅमेरा डुलत डुलत वर निघाला. दोरी सैल सोडीत धाकटा मान वर करून पाहत राहिला. एरवी असा चेहरा समोर आला असता, तर दादांनी तो आपण होऊन काचेत लावला असता. तो विचार त्यांनी झटकून टाकला.

संध्याकाळी तिघे स्टुडिओत बसले. हा दादांचाच आग्रह होता. "मोठ्या पडद्यावर बघू. लहान पडद्यावर सगळंच बरं दिसतं." शेवटचा फोटो आधी, असे ते उलटे पाहू लागले.

"ही नदी, की सांडलेला चहा?"

दादांनी पुढची कळ दाबली.

"हा पूल का रे? मला वाटलं, म्हैस बसलीय. आणि हे तुझं वळण. सुरेख. ओल्या फडक्याने फळा पुसल्यावर दिसतं, अगदी तसं."

धाकट्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला आणि कोपऱ्यात ठेवलेला पतंग पिशवीत कोंबू लागला.

"माळ्यावर," दादांनी आठवण करून दिली आणि संगणक बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," पत्नी म्हणाल्या. "एक राहिलाय." आणि त्यांनीच कळ दाबली.

पडदाभर दादांचा चेहरा आला. पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता. नजर खाली, रिंगेवरच्या काळ्या पट्टीवर खिळलेली होती. आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होते. पुढे खड्डा आहे हे ठाऊक असून वाट मोकळी करून देणाऱ्या माणसाचे, तृप्त हसू.

पत्नीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"झकास म्हणाला होतात," त्या हळूच म्हणाल्या.

धाकटा पडद्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने फोटो पाहिला. मग गळ्यातल्या कॅमेऱ्यावरची पट्टी पाहिली. मग पुन्हा फोटो. परत जाऊन त्याने पिशवीतला पतंग बाहेर काढला आणि एकेक सुरकुती मोडीत त्याची नीट घडी घातली.

"एक तरी नीट आला की, दादा," तो म्हणाला. "लाव काचेत."