वराची दाढी

हळदीपूर्वी वराची दाढी करण्याचा मान नितीन काशीदांचा होता. बावीस वर्षे ते वराच्या गुळगुळीत गालाला वस्तऱ्याची बोथट बाजू टेकवत आणि नारळ घेऊन परतत. प्लास्टिकमधल्या अन्नाने पुरुषांतली संप्रेरके घटली, तेव्हापासून दाढी कोणाला फुटतच नव्हती.

आजही त्यांनी सवयीने बोथट बाजूच टेकवली.

"काका, उलटा धरलाय," पाटावरचा रेयांश हसला.

त्यांनी गाल चाचपला. काळसर छटेला सगळे रंगरंगोटी समजले होते. बोटांना मात्र खुंट लागले. वराची आई शाल्मली त्याला लहानपणापासून मातीच्याच भांड्यांत रांधून जेवू घालायची; लग्नालाही ती स्वतःची भांडी घेऊन आली, म्हणून कालपासून मांडव तिला 'मडकेवाली' म्हणून हसत होता.

काशीदांनी फेस केला, चामड्यावर धार लावली. हात विसरला असेल तर? भरमांडवात वराच्या गालावर रक्त दिसले असते. पण हनुवटीच्या वळणावरही धार अडखळली नाही. हसणारा मांडव आता पुढे वाकून ती खरखर ऐकत होता.

"झालं का हो?" शाल्मलीने विचारले.

"आजचं झालं, ताई," ताठ मानेने वस्तरा पुसत ते म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा यावं लागेल."