मॅचनंतरचा फोन

पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि आता ह्यूस्टन. वाल्देमिर कुठेही खेळला तरी मॅच संपताच ब्राझीलहून आईचा फोन यायचा. ह्यूस्टनच्या फुटबॉल टीमची फिजिओ आसावरी तेव्हा त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधत असायची. कोण जिंकलं हे आई कधीच विचारत नसे. तिचा प्रश्न एकच असायचा, "लागलं का रे?" "नाही गं," कळ सोसत तो म्हणायचा. ऐकून ऐकून आसावरीला तेवढं पोर्तुगीज पाठ झालं होतं. गेल्या महिन्यात आई गेली. तो जाऊन आला आणि पुन्हा डिफेन्समध्ये उभा राहिला. आज मॅचनंतर सवयीने त्याने फोन मांडीवर ठेवला. आसावरीने बर्फ बांधला. फोन वाजला नाही. तिने मान वर न करता, त्याच्या आईच्याच शब्दांत विचारलं, "लागलं का रे?" त्याने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. मग तो म्हणाला, "हो."