उरलेला पेला

पाळक विनीत यांनी प्रार्थनेच्या पेटीतून चौथी चिठ्ठी काढली आणि मागच्या बाकावर सहदेवचे कान तापले. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली ती चिठ्ठी तो लांबूनही ओळखायचा.

"माझ्या गाडीखाली एक माणूस गेला," पाळकांनी वाचलं. "मी थांबलो नाही. देव मला क्षमा करील का?"

खाली नाव नव्हतं. कधीच नसायचं. दोन वर्षं झाली, महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या विधीआधी, ती हटकून निघायची.

सहदेवने ती लिहिलेली नव्हती. पण लिहिली असती तर शब्द हेच असते. तीन वर्षांपूर्वी पहाटे बाळकुमच्या वळणावर त्याच्या टेम्पोने पाव पोचवणाऱ्या हरिहरची सायकल उडवली होती. हरिहर याच मंडळीतला. सहदेव वागळे इस्टेटपर्यंत न थांबता गेला, नवा हेडलाइट बसवून घेतला, आणि हरिहरच्या दफनानंतरच्या रविवारी, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, चर्चची पायरी चढला. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही. त्या दिवशी चर्चच्या दारात हरिहरची बायको आवडाबाई त्याच्या टेम्पोच्या नव्या हेडलाइटकडे बघत उभी होती. पण नवरा गेलेल्या बाईची नजर कुठेही लागते, असं सहदेवने स्वतःला समजावलं.

मंडळीत आपल्यासारखा आणखी एक आहे, याचा त्याला आधार वाटायचा. त्याचा संशय जुन्या गाड्या विकणाऱ्या अनिमेषवर होता. चिठ्ठी वाचली की अनिमेष खोकायचा, एवढाच काय तो पुरावा.

पाळकांचं उत्तरही दर महिन्याला तेच, आणि तितकंच ठाम.

"देवाकडे हा प्रश्न उरलेलाच नाही. वधस्तंभावर तो कायमचा मिटलाय. ज्याने लिहिलंय त्याने प्रभुभोजनाच्या मेजापाशी यावं. आणि माणसांशी बोलायचं राहिलं असेल, तर ते जाऊन बोलावं."

मग सगळे पुढे जायचे. सहदेव जागचा हलायचा नाही. द्राक्षरसाचे छोटे पेले आवडाबाई भरायची, माणशी एक. शेवटी एक भरलेला पेला ट्रेमध्ये उरायचा आणि ती तो आत घेऊन जायची.

त्या रविवारी मात्र पाळकांचं उत्तर सहदेवला पटलं. याआधी चोवीसदा ऐकूनही ते पटलं नव्हतं, आता का पटलं कुणास ठाऊक. क्षमा झालेली आहे, आपली, पूर्ण. त्याला इतकं हलकं वाटलं की तिथेच रडू आलं. पण मेजापाशी जायच्या आधी एका घरी जायला हवं होतं, आणि तेवढी हिंमत गोळा करायला पुढचे चार आठवडे गेले.

शनिवारी दुपारी तो आवडाबाईच्या खोलीवर गेला. ती टेबलाशी चष्मा लावून काहीतरी लिहीत होती. तो बसलाही नाही.

"मावशी, तो टेम्पो माझा होता."

पहाट, वळण, हेडलाइट, त्याने सगळं सांगितलं. सोमवारी पोलीस स्टेशनला जाणार, तेही सांगितलं.

"देवाने मला माफ केलंय, हे मला पक्कं ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्ही करा म्हणून नाही आलो. तुमच्यापासून लपवून उद्या मेजापाशी जायचं नव्हतं."

आवडाबाईने चष्मा काढला, डोळे पुसले. तिने हरिहरच्या फोटोकडे बघितलं.

"फार वेळ लावलास रे," ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

ती आत गेली. सहदेव टेबलापाशी बसला. समोर कात्री होती, पेन होतं आणि जुन्या कॅलेंडरचं कापलेलं पान पालथं पडलं होतं.

त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या गाडीखाली एक माणूस गेला. मी थांबलो नाही.' पुढचं वाक्य लिहायचं राहिलं होतं.