बेचाळीस नंबर

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. साल अठ्ठ्याहत्तर. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स होते. प्रयोगशाळेत तयार झालेलं एक नवं रसायन आमचे डॉक्टर खोकल्याच्या रोग्यांना देऊन बघत होते. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, बेचाळीस.

पेठ तालुक्यातली तानुबाई खोकत आली.

“काय लिवलंय यात, बाई?” तिनं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी तिचा अंगठा धरून संमतीच्या कागदावर दाबला. शाई तिनं केसांना पुसली.

नवव्या दिवशी ती वारली. डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलं, ‘बरी होऊन घरी गेली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओळीवर निळा, ओला अंगठा उमटलेला होता. डॉक्टरांनी कागद बदलला, तरी उमटला. मी शाईचं पॅड कुलपात ठेवलं, तरी उमटला.

“सिस्टर, हे उद्योग तुमचेच!” डॉक्टर माझ्यावर खेकसले.

माझं टाळकं सटकलं. मी त्यांचं मनगट धरून हात उताणा केला. अंगठा निळा होता. ओला.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो सावकाश केसांना पुसला.

“काय लिवलंय यात, बाई?” त्यांनी मला विचारलं.