फेल आउट

दातांच्या डॉक्टरीणबाई फोनवर इंग्रजीत बोलत होत्या आणि थोरला तयार कवळीचा डबा धरून दाराशी उभा होता. बोलण्यात त्याच्या धाकट्या भावाचं नाव आलं, तसे त्याने कान टवकारले. पाठोपाठ शब्द आले, 'फेल आउट'. शाळेत घोकलेलं एवढं तरी त्याला आठवत होतं. फेल म्हणजे पडलं, आउट म्हणजे बाहेर. कवळ्या करणाऱ्याला याहून जास्त काय फोडून सांगायचं? धाकट्याने केलेली कवळी कुणाच्या तरी तोंडातून बाहेर पडली होती.

थोरल्याच्या मनात उकळ्या फुटल्या. पाठचा भाऊ असला म्हणून काय झालं? मेण कसं वितळवायचं इथपासून त्याला यानेच शिकवलं. आता बाई समोरचे, हसताना दिसणारे दात धाकट्याकडे देत आणि दाढा थोरल्याच्या वाट्याला येत. धाकट्याचं कौतुक झालं की याच्या पोटात दुखायचं. हल्ली तर दाढाही कमी झाल्या होत्या. हे एक दार बंद झालं, तर घर कशावर चालवायचं हा प्रश्नच होता.

बाईंनी फोन ठेवला.

“ते फेल आउटचं कानावर आलं माझ्या,” तो चेहरा पाडून म्हणाला.

“हो ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फार वाईट वाटलं मला.”

“आज ना उद्या होणारच होतं, बाई. भाऊ असला तरी खरं ते बोलतो. त्याला हिरड्यांचं माप धड घेता येत नाही. मुळात नजरच नाही त्याला.”



“माप कुठून आलं मध्येच? अहो, फेल आउट म्हणजे आमचं बिनसलं. काल तुमच्या भावाचं आणि माझं भांडण झालं.”

“कशावरून?”

“तुमच्यावरून. तुमचं काम बंद करून सगळं त्यालाच द्यावं म्हणत होते मी. तर माझ्यावरच उखडला. म्हणाला, दादासारखी बारीक नजर कुणाची नाही, त्याला काढलंत तर मीही येणार नाही. आणि तरातरा निघून गेला.”

थोरल्याने डबा पुढे केला.

बाईंनी त्याच्या हातून डबा घेतला. “आत्ता फोनवर आमच्या ह्यांना तेच सांगत होते, की त्याच्या शब्दाखातर तुम्हाला ठेवू या. पण त्याला नजरच नाही म्हणता. मग तुमच्याबद्दल तो म्हणतो ते तरी मी कसं खरं धरू?”