हरल्यावरची चर्चा

कोल्हापुरातल्या त्या कॉलेजची फुटबॉल टीम पुन्हा हरली, तेव्हा प्राचार्या सरनोबत मॅडम प्रशिक्षक इंगवल्यांना काढायचं ठरवूनच मैदानात उतरल्या.

मुलं अजून घरी गेली नव्हती. गोलकीपरभोवती बसून, चपला मांडून ती शेवटचा गोल कसा झाला ते एकमेकांना दाखवत होती. "चूक माझी, मी जागा सोडली," कप्तान म्हणाला. इंगवले लांबून नुसतं ऐकत होते.

"तुम्ही काहीच सांगत नाही?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"मी आलो तेव्हा हरल्यावर ही पोरं एकमेकांवर धावून जायची, मॅडम. आता स्वतःच चूक शोधतात."

मॅडम मुलांजवळ जाऊन वाकल्या. "मग तिथं कोण असायला हवं होतं?"

गोलकीपरनं सरकून त्यांना जागा दिली.

बऱ्याच वेळानं निघताना त्यांनी इंगवल्यांना विचारलं, "पुढच्या वर्षीचा सराव कधी सुरू करताय?"